सर्व्हरवरचं अपडेट अडकलं, तर आधी कुठे पाहायचं?

लिनक्स सर्व्हरवर अपडेटची कमांड दिली, पडद्यावर भराभर ओळी सरकल्या आणि शेवटी आलं: ‘सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)’. ही ओळ इंटरनेटवर शोधली की शंभर वेगवेगळे उपाय सापडतात, कारण ती ओळ मुळात काहीच सांगत नाही. पॅकेजं (सॉफ्टवेअरचे संच) बसवणारा डीपीकेजी नावाचा प्रोग्राम अयशस्वी झाला, एवढाच तिचा अर्थ. तो का अयशस्वी झाला, ते वीस-तीस ओळी वर लिहिलेलं असतं.

म्हणून शेवटची चूक नव्हे, पहिली चूक शोधा. एक पॅकेज अडलं की त्यावर अवलंबून असलेली दहा पॅकेजं ‘डिपेंडन्सी प्रॉब्लेम्स’ म्हणून अडतात आणि पडदा भरून जातो. पण खरं दुखणं एकाच ठिकाणी असतं. वर स्क्रोल करून ते हाती लागत नसेल, तर ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग’ उघडा. पॅकेजं उघडताना आणि बसवताना पडद्यावर आलेलं सगळं तिथे जसंच्या तसं असतं. शेजारच्या ‘हिस्टरी.लॉग’मध्ये कोणती कमांड कधी दिली आणि कोणतं पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेलं, याची नोंद मिळते.

इथली बहुतेक उदाहरणं डेबियन आणि उबुंटूची आहेत; तिथे पॅकेजं उतरवून डीपीकेजीकडे देण्याचं काम ॲप्ट करतो. रेड हॅट, अल्मालिनक्स, रॉकी वगैरे वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे. विचार करण्याची पद्धत तिथेही हीच.

कोणत्या पायरीवर थांबलं?

आपण ‘अपडेट’ म्हणतो त्यात पाच कामं एकामागून एक होतात. रेपॉझिटरीतून (रेपो, म्हणजे पॅकेजांचा ऑनलाइन साठा) पॅकेजांची ताजी यादी येते. कोणत्या पॅकेजला काय लागतं, याचा हिशेब होतो. फाइली ‘/व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज’मध्ये उतरतात. मग त्या उघडून जुन्या फाइलींच्या जागी ठेवल्या जातात. आणि शेवटी प्रत्येक पॅकेजची स्वतःची स्क्रिप्ट चालून ते कॉन्फिगर होतं.

पहिल्या तीन पायऱ्यांत काहीही बिघडलं, तरी सर्व्हरवर चालू असलेल्या सॉफ्टवेअरला धक्का लागलेला नसतो. शांतपणे बसून कारण शोधता येतं. चौथ्या-पाचव्या पायरीवर थांबलं, तर मात्र काही पॅकेजं नवी, काही जुनी आणि काही अधांतरी, अशी अवस्था असते. त्या अवस्थेत मशीन रीबूट करू नका. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) किंवा बूटलोडर (तो गाभा सुरू करणारा प्रोग्राम) अर्धवट असेल, तर ते परत उठेलच याची खात्री नसते.

अवस्था तपासायला ‘डीपीकेजी --ऑडिट’ द्या. काहीच छापलं नाही, तर अर्धवट पॅकेज एकही नाही. ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत डावीकडच्या रकान्यात दोन अक्षरं असतात. दोन्ही ‘आय’ असतील तर पॅकेज नीट बसलेलं आहे. दुसरं अक्षर ‘यू’ असेल तर फाइली उघडल्या आहेत पण कॉन्फिगर व्हायचं राहिलं आहे, आणि मोठं ‘एफ’ असेल तर कॉन्फिगर करताना ते पडलं आहे.

कुलूप तोडू नका

‘कुड नॉट गेट लॉक’ हा संदेश आला की लॉकची फाइल डिलीट करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. हा सल्ला घातक आहे. लॉक त्या फाइलीच्या असण्या-नसण्यात नसतोच. चालू असलेल्या प्रोसेसने कर्नलकडे त्या फाइलीवर मागितलेला तो हक्क असतो. प्रोसेस संपली की लॉक आपोआप सुटतो, फाइल तिथेच राहते. फाइल उडवली, तर दुसरी प्रोसेस नवी फाइल बनवून तिच्यावर वेगळा लॉक घेते, आणि एकाच वेळी दोघं पॅकेजांच्या डेटाबेसमध्ये लिहू लागतात.

उबुंटू सर्व्हरवर हा लॉक बहुतेक वेळा ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’कडे असतो, म्हणजे सुरक्षा अपडेट आपोआप बसवणाऱ्या सेवेकडे. नवा सर्व्हर चालू केल्या केल्या हे हमखास दिसतं. ॲप्टच्या अलीकडच्या आवृत्त्या लॉक धरणाऱ्या प्रोसेसचा नंबर आणि नावही सांगतात. जुन्या मशीनवर ‘एफयूझर -व्ही’ला लॉक फाइलीचा पत्ता देऊन ते कळतं. मग थांबा. ती प्रोसेस खरोखरच अडकली आहे का, हे तपासायचं तर टर्म.लॉग पुढे सरकतोय का ते बघा. कित्येकदा ती एखाद्या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत दुसऱ्या कुठल्या तरी एसएसएच सेशनमध्ये बसलेली असते.

यादीच येत नाही

‘ॲप्ट अपडेट’ इथेच अडत असेल, तर संदेशातला शब्द नीट वाचा. ‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ म्हणजे डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) चालत नाही. पॅकेजांशी त्याचा संबंध नाही. शून्य टक्क्यांवर ‘कनेक्टिंग’ म्हणत ताटकळत राहिलं, तर अनेकदा सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता मिळालेला असतो पण त्यावरून बाहेर जाता येत नसतं. ‘-ओ ॲक्वायर::फोर्सआयपीव्ही४=ट्रू’ जोडून चालवलं आणि चाललं, तर निदान पक्कं.

‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ हा संदेश आला की सर्व्हरचं घड्याळ मागे आहे. व्हर्च्युअल मशीन स्नॅपशॉटवरून उठवलं की असं होतं. ‘टाइमडेटसीटीएल’ देऊन वेळ आणि सिंक्रोनायझेशन पाहा.

‘४०४ नॉट फाउंड’ची दोन कारणं वेगळी ओळखायला हवीत. एखाद-दुसऱ्या पॅकेजालाच ४०४ येत असेल, तर तुमची यादी शिळी आहे. त्या आवृत्तीच्या जागी नवी आली आणि जुनी फाइल मिररवरून (रेपोची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) काढली गेली. पुन्हा ‘ॲप्ट अपडेट’ केलं की प्रश्न मिटतो. पण रिलीज फाइलीलाच ४०४ असेल, तर बहुधा त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार संपला आहे. मुदत संपलेल्या उबुंटूची पॅकेजं मुख्य सर्व्हरवरून ‘ओल्ड-रिलीजेस’वर जातात, डेबियनची ‘आर्काइव्ह’वर. सेंटओएस ७ची मुदत ३० जून २०२४ला संपली आणि त्याची पॅकेजं ‘व्हॉल्ट’मध्ये गेली. तिथला पत्ता घालून अपडेट चालतं खरं, पण नवे सुरक्षा दुरुस्तीसंच तिथे येत नाहीत. तो पत्ता पुढच्या आवृत्तीवर जाण्याच्या तयारीपुरताच वापरावा.

‘नो पबकी’ म्हणजे रेपॉझिटरीची सही तपासायला लागणारी जीपीजी की तुमच्याकडे नाही. ‘एक्स्प-की-सिग’ म्हणजे आहे, पण तिची मुदत संपली. नवी की त्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत पानावरूनच घ्या, ‘/ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज’मध्ये ठेवा आणि रेपोच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ने तिचाच पत्ता द्या. जुन्या लेखांतली ‘ॲप्ट-की ॲड’ कमांड आता टाळतात, कारण तिने घातलेली की एका रेपोपुरती न राहता सगळ्याच रेपोंसाठी विश्वासू ठरते. ‘ट्रस्टेड=येस’ लिहून तपासणीच बंद करणं तर सर्व्हरवर कधीही करू नये.

‘हॅश सम मिसमॅच’ येतो तेव्हा मधला प्रॉक्सी जुनी फाइल देत असतो किंवा मिरर अर्धवट सिंक झालेला असतो. ‘/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स’मधल्या फाइली काढून यादी नव्याने आणा. त्या फाइली काढायला हरकत नाही, त्या पुन्हा तयार होतात. तरीही तेच आलं, तर मिरर बदला.

‘केप्ट बॅक’ ही चूक नव्हे

काही पॅकेजं मागे ठेवली, असा संदेश पाहून अनेकजण लगेच ‘फुल-अपग्रेड’ चालवतात. आधी कारण बघा. उबुंटूत काही अपडेट टप्प्याटप्प्याने दिली जातात: आधी थोड्या मशीनना, तक्रारी आल्या नाहीत तर हळूहळू सगळ्यांना. तुमची पाळी आली नसेल तर पॅकेज मागे राहतं आणि काही दिवसांनी आपोआप येतं. त्यात करण्यासारखं काही नाही.

दुसरी शक्यता म्हणजे कुणीतरी मुद्दाम ते रोखून धरलं आहे. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने यादी मिळते. होल्ड काढण्याआधी तो का घातला, हे विचारून घ्या. डेटाबेस किंवा कुबरनेटीसच्या पॅकेजांवर तो सहसा विचारपूर्वक घातलेला असतो.

‘अनमेट डिपेंडन्सीज’ मात्र खरी अडचण आहे. जिच्यावरून भांडण आहे त्या लायब्ररीचं नाव घेऊन ‘ॲप्ट पॉलिसी’ चालवा. आत्ता बसवलेली आवृत्ती, उपलब्ध आवृत्ती आणि ती कोणत्या रेपोतून येते, हे तीनही कळतं. बसवलेली आवृत्ती कोणत्याच रेपोत दिसत नसेल, तर ती कधीकाळी बाहेरच्या रेपोतून किंवा हाताने उतरवलेल्या फाइलीतून आलेली आहे, आणि डिपेंडन्सीचे बहुतेक तंटे तिथूनच सुरू होतात. बाहेरचा रेपो बंद करून त्या पॅकेजाची अधिकृत आवृत्ती बसवली की गाठ सुटते. ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ चांगली कमांड आहे, पण ‘येस’ म्हणण्याआधी ‘विल बी रिमूव्हड’ या मथळ्याखालची यादी वाचा. भांडण मिटवायला ती कधी कधी वेब सर्व्हरच काढून टाकायचं सुचवते. कमांडला ‘-एस’ जोडलं की नुसता सराव होतो, काहीही बदलत नाही.

जागा संपलेली असते

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हटलं की ‘डीएफ -एच’ सगळेच देतात. त्यात जागा शिल्लक दिसली तर ‘डीएफ -आय’ही द्या. लाखो बारीक फाइली साठल्या, उदाहरणार्थ पीएचपीच्या सेशनच्या, तर डिस्क अर्धी रिकामी असूनही आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंद) संपतात आणि संदेश तोच येतो. मोठा लॉग डिलीट करूनही जागा सुटली नाही, तर कुठल्यातरी प्रोसेसने तो अजून उघडा धरला आहे. ‘एलएसओएफ +एल१’ अशा फाइली दाखवतो; ती सेवा रीस्टार्ट केली की जागा मोकळी होते. तातडीने थोडी जागा हवी असेल तर ‘ॲप्ट क्लीन’ उतरवलेली पॅकेजं पुसतो, आणि ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ सिस्टिमचे जुने लॉग छाटतो.

सगळ्यात जास्त त्रास ‘/बूट’ वेगळ्या पार्टिशनवर असतं तेव्हा होतो. ते पार्टिशन लहान असतं, आणि प्रत्येक कर्नलबरोबर येणारी, बूट होताना लागणारी ‘इनिटआरडी’ फाइल कित्येक डझन एमबी जागा खाते. तीन-चार कर्नल साठले की नव्याची इनिटआरडी लिहिता लिहिता जागा संपते, कर्नलचं पॅकेज अर्धवट राहतं, आणि मग ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’सुद्धा ‘आधी तुटलेलं दुरुस्त करा’ म्हणत नकार देतो. दुरुस्तीला जागा हवी, आणि जागेसाठी दुरुस्ती हवी.

यातून बाहेर पडायचं ते असं. ‘यूनेम -आर’ देऊन चालू कर्नलची आवृत्ती लिहून ठेवा. तिच्या कुठल्याही फाइलीला हात लावायचा नाही. ‘/बूट’मधली फाइलींची यादी आकारासह बघा. चालू नसलेल्या सर्वांत जुन्या आवृत्तीची एकच इनिटआरडी फाइल बाहेरच्या मोठ्या पार्टिशनवर हलवा. पुसू नका, हलवा. आता ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. अडलेलं कर्नल पूर्ण झालं की ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ जुनी कर्नल पॅकेजं रीतसर काढतो. शेवटी ‘अपडेट-ग्रब’ (ग्रब हा बूटलोडर) देऊन बूटच्या यादीत फक्त अस्तित्वात असलेलेच कर्नल आहेत, याची खात्री करा. चालू कर्नल आणि सर्वांत नवं, ही दोन्ही शिल्लक राहायलाच हवीत.

स्क्रिप्ट पडते तेव्हा

‘पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट रिटर्न्ड एरर एक्झिट स्टेटस १’. हा संदेश सर्वांत घाबरवणारा, पण त्याचं कारण बहुतेकदा साधं असतं: पॅकेज नीट बसलं, त्यानंतर त्याची सेवा सुरू करायचा प्रयत्न झाला आणि ती सुरू झाली नाही. म्हणजे प्रश्न पॅकेजचा नसून तुमच्या कॉन्फिगरेशनचा आहे.

इंजिनएक्स या वेब सर्व्हरचं उदाहरण घेऊ. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस इंजिनएक्स’ आणि ‘जर्नलसीटीएल -यू इंजिनएक्स -एन ५०’ यांत खरी ओळ सापडते. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असेल, तर ‘एसएस -एलटीएनपी’ देऊन ८० नंबरचा पोर्ट कुणी धरला आहे ते बघा. बहुधा अपॅची हा दुसरा वेब सर्व्हर निघतो. कॉन्फिगरेशनची चूक असेल, तर ‘इंजिनएक्स -टी’ फाइलीचं नाव आणि ओळीचा क्रमांकही देतो. ते दुरुस्त करून ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ दिलं की अडलेली सगळी रांग पुढे सरकते.

डेटाबेसच्या बाबतीत जास्त जपावं लागतं. मायएसक्यूएल ८.०मधून क्वेरी कॅश पूर्ण काढून टाकली गेली. ५.७च्या काळातल्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘क्वेरी_कॅश_साइझ’ ही ओळ राहिली असेल, तर नवा सर्व्हर ‘अननोन व्हेरिएबल’ म्हणून उठायलाच नकार देतो आणि पॅकेज अर्धवट राहतं. ती ओळ काढणं एवढाच उपाय आहे. पण घाबरून कुणी जुनं पॅकेज परत बसवायला गेलं, तर खरं संकट उभं राहतं: ८.०ने डेटाच्या फाइली एकदा नव्या रचनेत नेल्या की ५.७ त्या वाचू शकत नाही, मागे जायला बॅकअपच लागतो.

एक्झिट स्टेटसचा आकडाही बोलका असतो. १२७ म्हणजे स्क्रिप्टला हवी असलेली कमांडच सापडली नाही. १३७ म्हणजे प्रोसेसला बाहेरून सक्तीने मारलं गेलं, आणि कमी रॅमच्या सर्व्हरवर ते काम बहुधा कर्नलच करतो. ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा आणि तात्पुरती एक जीबीची स्वॅप फाइल जोडून पुन्हा प्रयत्न करा. कारण कळतच नसेल, तर ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’मध्ये त्या पॅकेजाची ‘पोस्टइन्स्ट’ फाइल असते. बहुतेक वेळा ती शेल स्क्रिप्ट असते. तिच्या दुसऱ्या ओळीवर ‘सेट -एक्स’ लिहून कॉन्फिगर चालवलं की प्रत्येक पायरी पडद्यावर येते. त्याच फाइलीत वरच ‘एक्झिट ०’ लिहा, असा सल्लाही दिला जातो. त्याने संदेश गप्प होतो, पण पॅकेजाचं राहिलेलं काम कधीच होत नाही, आणि महिन्यांनंतर भलत्याच ठिकाणी त्याचा फटका बसतो.

सुरक्षेसाठी कडक केलेल्या सर्व्हरवर आणखी तीन कारणं वारंवार दिसतात. ‘/टेम्प’ला ‘नोएक्झेक’ लावलेलं असतं आणि पॅकेजांच्या स्क्रिप्ट तिथून चालू शकत नाहीत. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) असूनही ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं, कारण कुणीतरी फाइलीला ‘सीएचएटीटीआर +आय’ लावून गोठवलेली असते. ‘एलएसएटीटीआर’ने ते दिसतं. आणि ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ आलं, तर अपडेट विसरा. डिस्कमध्ये दोष आढळल्याने कर्नलने लिहिणं बंद केलेलं असू शकतं. आधी ‘डीमेसेज’ वाचा आणि बॅकअप तपासा.

मध्येच विचारलेला प्रश्न

कॉन्फिगरेशनची फाइल तुम्ही बदललेली असेल आणि नव्या पॅकेजातही ती बदलली असेल, तर डीपीकेजी थांबून विचारतो. ‘डी’ दाबून दोन्हींतला फरक बघता येतो. नुसतं एंटर दाबलं की तुमची फाइल राहते आणि नवी शेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ नावाने ठेवली जाते. आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये उत्तर द्यायला कुणी नसतं, म्हणून तिथे ‘--फोर्स-कॉन्फडेफ’ आणि ‘--फोर्स-कॉन्फओल्ड’ आधीच द्यावं लागतं. नंतर त्या ‘.डीपीकेजी-डिस्ट’ फाइली शोधून वाचणं हे कामच आहे, ते टाळू नये.

अपडेट नेहमी टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये चालवा. एसएसएच तुटलं तरी आत चाललेलं काम थांबत नाही, आणि परत जोडून तो प्रश्न जिथल्या तिथे सापडतो. टीमक्स नसताना जोडणी तुटलीच, तर आधी डीपीकेजी अजून चालू आहे का ते बघा. नसेल तरच ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’.

डीएनएफ आणि आरपीएम

रेड हॅटच्या बाजूला डीपीकेजीच्या जागी आरपीएम आणि ॲप्टच्या जागी डीएनएफ असतो. इथे ‘डीएनएफ क्लीन ऑल’ आणि ‘डीएनएफ मेककॅश’ने यादी नव्याने येते, ‘डीएनएफ चेक’ तुटलेल्या डिपेंडन्सी आणि दोनदा बसलेली पॅकेजं दाखवतो. मध्येच वीज गेली किंवा जोडणी तुटली, तर एकाच पॅकेजाच्या दोन आवृत्त्या नोंदल्या जातात. ‘डीएनएफ रिमूव्ह --डुप्लिकेट्स’ त्यासाठीच आहे. पॅकेजांचा डेटाबेसच बिघडला असं वाटलं, तर ‘/व्हार/लिब/आरपीएम’ची प्रत काढून मगच ‘आरपीएम --रीबिल्डडीबी’ द्या. एक मोठी सोय इथे आहे: ‘डीएनएफ हिस्टरी’ प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देतो आणि ‘डीएनएफ हिस्टरी अनडू’ तो उलटवायचा प्रयत्न करतो. जुनी पॅकेजं रेपोत शिल्लक असतील तरच ते जमतं, आणि डेटाबेसच्या डेटा फाइली त्याने मागे जात नाहीत. तुमची बदललेली कॉन्फिगरेशन इथे ‘.आरपीएमन्यू’ आणि ‘.आरपीएमसेव्ह’ या शेपट्यांनी सापडते. ‘न्यू’ असेल तर तुमची फाइल जागेवर आहे. ‘सेव्ह’ असेल तर तुमची बाजूला ठेवून नवी लागू झाली आहे.

दुरुस्त झालं, पण लागू झालं का?

‘डीपीकेजी --ऑडिट’ आता गप्प आहे, ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’मध्ये काही नाही. तरी एक तपासणी उरते. ओपनएसएसएलची लायब्ररी डिस्कवर बदलली, तरी आधीपासून चालू असलेल्या सेवा मेमरीतली जुनीच वापरत राहतात. म्हणजे सुरक्षेचं भोक बुजवलं असं यादीत दिसतं आणि प्रत्यक्षात ते उघडंच असतं. डेबियन-उबुंटूवर ‘नीडरीस्टार्ट’ आणि रेड हॅटकडे ‘नीड्स-रीस्टार्टिंग’ अशा सेवांची यादी देतात. कर्नल बदललं असेल तर रीबूटला पर्याय नाही; उबुंटूवर ‘/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल दिसली की समजावं. रीबूट करण्याआधी व्हर्च्युअल मशीनचा कन्सोल उघडता येतो का ते बघून ठेवा, आणि मशीन उठल्यावर ‘यूनेम -आर’ पुन्हा द्या. आकडा जुनाच आला, तर ग्रबच्या कॉन्फिगरेशनमध्ये जुनं कर्नल ठरवून ठेवलं आहे किंवा मशीन वेगळ्याच डिस्कवरच्या बूटलोडरने उठत आहे. यातलं दुसरं डिस्कचं नाव ‘एसडीए’चं ‘व्हीडीए’ झालेल्या, दुसरीकडे हलवलेल्या व्हर्च्युअल मशीनवर घडते, आणि तिथे ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ देऊन योग्य डिस्क निवडावी लागते.